उलटा लाडू: एका जखमी ओरांडाचं प्रकरण

रुग्ण: नारिंगी ओरांडा, म्हणजे डोक्यावर मांसल वाढ आणि आखूड गोल अंग असलेल्या जातीचा गोल्डफिश. वय तीन वर्षांच्या आसपास, शेपटी सोडून लांबी साडेचार इंच, वजन अंदाजे १०० ग्रॅम. घर चिंचवडचं, टाकी तीन फुटी, तिच्यात आणखी दोन गोल्डफिश. नाव लाडू. तक्रार: भाऊबीजेच्या सकाळपासून मासा डावी कूस वर करून पाण्यावर पडून आहे. शेपटी मारून खाली जायला बघतो, जमत नाही, पुन्हा वर येतो.

हौशी लोकांच्या टाक्या सांभाळणं हा माझा धंदा. असा फोन येतो तेव्हा पलीकडच्या माणसानं निदान आधीच करून ठेवलेलं असतं: “ताई, स्विम ब्लॅडर झालंय,” म्हणजे माशाला तरंगतं ठेवणारी आतली हवेची पिशवी बिघडलीय. उपचारही सुरू झालेला असतो, आणि तो बहुतेक वेळा उकडलेला मटार असतो. या घरी दोन्ही झालं होतं. आजोबांनी मटार सोलून, चिमट्यात धरून लाडूच्या तोंडाशी नेला होता. दुकानातून निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू आणून सगळ्या टाकीत ओतलं होतं. पाणी निळंशार झालं होतं आणि मासा होता तिथंच होता.

मटाराशी माझं भांडण नाही. गोल्डफिशला जठर नसतं, नुसतं लांब आतडं असतं. तरंगणारं कोरडं खाद्य वरच्यावर गिळताना हवाही आत जाते, आतड्यात वायू धरतो आणि मासा उचलला जातो. अशा माशाला दोन दिवस उपाशी ठेवून मग सोललेला मटार दिला तर गुण येतो. त्यातला बराचसा गुण उपासाचा असतो, आणि मटार बुडतो, माशाला तो वर येऊन खावा लागत नाही, याचा. पण लाडूच्या दोन्ही कुशींवरचे खवले निघालेले होते. उजवीकडे रुपयाएवढा लाल चट्टा होता आणि शेपटीच्या मुळाशी रक्त साकळलं होतं. बद्धकोष्ठानं खवले निघत नाहीत.

आधी काय घडलं होतं

दिवाळीच्या साफसफाईत टाकीही निघाली होती. सगळं पाणी काढलं, खडी धुतली, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत पिळून घेतला. मग नातीनं हट्टानं आणलेला चिनीमातीचा किल्ला टाकीत बसला. त्याला एक कमानदार दरवाजा. टाकीत ठेवायच्या असल्या वस्तूंचे दरवाजे सडपातळ माशांच्या मापाचे असतात. ओरांडाचं डोकं आत जातं, पोट अडकतं, आणि मागे सरकायची कला गोल्डफिशला फारशी नसते. सकाळी लाडू कमानीत रुतलेला सापडला. घाईत त्याला शेपटीकडून ओढून काढलं. नंतर तासभर तो ठीक पोहला म्हणे, मग तिरका झाला, मग आडवा.

हा तासभर माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा होता. पाठीचा कणाच मोडला असता तर ओढल्याबरोबर शेपटी लुळी पडली असती. इथं शेपटी जोरात चालत होती. बिघाड हळूहळू वाढत गेला होता.

पाणी तपासलं. अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या घरात, नायट्राइट ०.५, पीएच ७.८. यात आश्चर्य नव्हतं. माशाच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू त्या मळक्या स्पंजात राहतात. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं त्यातले बरेच गेले असणार, आणि जे उरले त्यांच्यावर निळं औषध पडलं. म्हणजे या माशाला एका वेळी दोन दुखणी होती, एक अंगात आणि एक पाण्यात. पाण्याचं दुखणं त्याच दिवशी निवारता येण्याजोगं होतं, म्हणून सुरुवात तिथून केली. अर्धं पाणी बदललं आणि क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेटचे थेंब टाकले. औषध शोषायला कोळशाची पिशवी लावली. माझ्याकडच्या दुसऱ्या एका जुन्या, निरोगी टाकीतला रापलेला स्पंज फिल्टर आणला. असा मळका स्पंज कुठल्याही बाटलीतल्या औषधापेक्षा मोलाचा असतो, पण तो दुकानात मिळत नाही, ओळखीतून मिळवावा लागतो.

हवा नेमकी कुठे आहे

मासा उलटा झाला की सगळे विचारतात, याला काय द्यायचं? त्याआधी विचारायचा प्रश्न असा, की जास्तीची हवा आहे कुठे.

गोल्डफिशच्या पाठीच्या कण्याखाली हवेनं भरलेलं वाताशय, म्हणजेच स्विम ब्लॅडर असतं. त्याचे दोन कप्पे, एक पुढे आणि एक मागे, मध्ये अरुंद जागा. मागच्या कप्प्यापासून एक बारीक नळी अन्ननलिकेला जाऊन मिळते. मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो, ती नळीतून वाताशयात भरतो आणि नको असेल तेव्हा बुडबुडा सोडून काढून टाकतो. रोहू, कटला, कोई ही सगळी कार्पमंडळी याच पद्धतीची. फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर यांच्यासारख्या सिक्लिड माशांना मोठेपणी ही नळी उरत नाही. ते रक्तातून वायू काढून वाताशयात भरतात आणि रक्तातच परत घेतात. हा भेद माहीत नसताना एका माशाचा इलाज दुसऱ्यावर करू नये.

थोडा हिशोब करू. माशाचं मांस आणि हाडं पाण्यापेक्षा जरा जड असतात. ती तूट भरून काढायला गोड्या पाण्यातल्या माशाला शरीराच्या आकारमानाच्या साधारण ७ ते ८ टक्के हवा लागते. म्हणजे लाडूसारख्या माशाला ७-८ मिलिलिटर. एक मिलिलिटर हवा एक ग्रॅम वजन उचलते. दोन-तीन मिलिलिटर जास्त झाली की मासा कितीही पर मारो, तो वरच येणार. आणि हवा चुकीच्या जागी गेली तर कुशीवर वळणारच, कारण मासा मुळात तोल सावरत जगणारा प्राणी आहे. निरोगी मासाही परांच्या बारीक हालचालींनी सतत स्वतःला सरळ ठेवत असतो. आखूड अंगाच्या जातींमध्ये तर माणसानं शेकडो वर्षं निवड करून अंग इतकं गोल केलंय, की आतले अवयव दाटीवाटीनं बसतात आणि मागचा कप्पा लहान, वाकडा होतो. त्यांच्याकडे चुकीला जागाच कमी.

बाहेरून पाहून हवा आतड्यात आहे, वाताशयात आहे की आणखी कुठे, हे सांगता येत नाही. छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. खरं उत्तर एक्स-रे देतो. महाराष्ट्रात माशांचं शिक्षण देणारी महाविद्यालयं आहेत, नागपूरला, उदगीरला, रत्नागिरीजवळ शिरगावला. पण तिथला भर मत्स्यशेतीवर. घरातल्या एका गोल्डफिशचा एक्स-रे काढायचा तर कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांनाच गळ घालावी लागते. आजोबा म्हणाले, “माशाचा एक्स-रे? लोक हसतील हो.” नात म्हणाली, “हसू देत.” डॉक्टर हसले नाहीत. पक्ष्यांचे एक्स-रे काढायची त्यांना सवय होती. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत मासा ओला राहील इतपतच पाणी ठेवून, आडवा झोपवून, एक आडवं आणि एक वरून अशी दोन चित्रं घेतली. भूल द्यावी लागली नाही.

एक्स-रेत हवा काळी दिसते. पुढचा कप्पा स्वच्छ, गोल, जागेवर. कणा सलग. आतड्यात वायू जवळजवळ नाही, म्हणजे मटाराचा मुद्दा निकालात निघाला. मागच्या कप्प्याची कड मात्र धूसर, आक्रसलेली, आणि पोटाच्या पोकळीत डाव्या अंगाला काळा मोकळा पट्टा, ज्याला कुठलीच पिशवी नव्हती. डॉक्टरांचा निष्कर्ष असा, की कमानीत आवळला जाताना किंवा ओढताना मागचा कप्पा फाटलाय आणि हवा पोटात शिरलीय. मग तासाभरानं बिघाड का वाढला, याचाही उलगडा झाला. कप्पा रिकामा होतो, माशाला हवा कमी पडल्याची जाणीव होते, तो वर येऊन आणखी गिळतो, आणि ती हवाही पंक्चर झालेल्या ट्यूबमध्ये भरल्यासारखी पोटात जाऊन बसते. मासा आपल्या परीनं दुरुस्ती करत होता आणि त्यातूनच जास्त वर येत होता.

पुढचा कप्पा शाबूत असल्याची एक कच्ची खूण मला आधीच दिसली होती. गोल्डफिशच्या पुढच्या कप्प्यापासून अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावानं ओळखली जाते. या साखळीमुळे गोल्डफिशची ऐकण्याची क्षमता इतर अनेक माशांपेक्षा चांगली असते, आणि वाताशय रिकामं झालं की ती घसरते. लाडू आडवा पडलेला असतानाही खाद्याच्या डबीचं झाकण वाजलं की पर हलवायचा. अर्थात पार्श्वरेषेलाही, म्हणजे माशाच्या कुशीवरून जाणाऱ्या संवेदी रेषेलाही कंपनं कळतात, त्यामुळे हा पुरावा धरून कुणी निदान करू नये.

सुई की वाट

पोटातली हवा सुईनं काढता येते. डॉक्टरांनी तो पर्याय मांडला आणि स्वतःच बाजूला ठेवला. कप्पा अजून फाटलेला आहे, म्हणजे आज काढलेली हवा उद्या परत भरणार. सुई टोचायची तर आखूड पोटात मूत्रपिंड, यकृत सगळं शेजारीशेजारी. आणि मासा खायला तयार होता, कल्ल्यांची हालचाल शांत होती. वाताशयाची पातळ भिंत जुळून येऊ शकते. पोकळीत अडकलेली हवाही हळूहळू रक्तात विरघळून कल्ल्यांवाटे निघून जाते, त्यातला प्राणवायू लवकर आणि नायट्रोजन सावकाश. म्हणून वाट पाहायची. मात्र वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हतं, ते या प्रकरणातलं सगळ्यात कष्टाचं काम ठरलं.

जखमा मोठ्या असल्यानं जीवाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शनं दिली. औषध आणि मात्रा इथं मुद्दाम लिहीत नाही. माशाचं वजन, पाण्याचं तापमान यांवर ती ठरते, आणि असलं वाचून लोक माणसांच्या कॅप्सूल टाकीत फोडतात. त्यानं मासा बरा होत नाही, फिल्टर मरतो आणि औषधाला दाद न देणारे जीवाणू तेवढे तयार होतात.

टबातला मुक्काम

लाडूला मोठ्या टाकीतून काढलं. बाकीचे दोघे त्याच्या उघड्या जखमा टोचत होते. गोल्डफिश दुष्ट नसतो, पण समोर लाल काही दिसलं की चाखून बघतो.

रुंद, उथळ प्लास्टिकचा टब घेतला, २५ लिटर पाणी, तळाला काहीही नाही. खडी नाही, झाड नाही, शोभेचं काही नाही. रापलेला स्पंज फिल्टर याच टबात, हवेचा पंप मंद. नोव्हेंबरमधल्या रात्री पाणी १९-२० अंशांपर्यंत उतरायला लागलं होतं. हे तापमान गोल्डफिशला एरवी चालतं, पण दिवसरात्रीतला चढउतार जखमी माशाला नको, शिवाय थंडीत पचन आणि जखम भरणं दोन्ही मंदावतं. म्हणून छोटा हीटर २४ अंशांवर लावला.

मीठ. साधं जाडं मीठ, लिटरला २ ग्रॅम, म्हणजे २५ लिटरला ५० ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजून आणि वेगळ्या भांड्यात विरघळवून. चमच्यानं मोजू नये, जाड्या मिठाचा चमचा आणि बारीक मिठाचा चमचा यांत पुष्कळ फरक पडतो. मीठ कशासाठी? गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारट असतं. त्वचा आणि खवले शाबूत असताना हा फरक निभावतो, पण खवले निघालेल्या जागेतून पाणी आत झिरपत राहतं आणि क्षार बाहेर जातात. मूत्रपिंडांना दुप्पट काम पडतं. पाणी थोडं खारट केलं की तो भार उतरतो. शिवाय मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे ८ लिटर पाणी बदललं तर फक्त त्या ८ लिटरचं, १६ ग्रॅम घालायचं. हा हिशोब आजोबांनी कॅलेंडरवर लिहून ठेवला आणि माझ्यापेक्षा काटेकोर पाळला.

सगळ्यात जास्त चिंता मला डाव्या कुशीची होती. ती सतत पाण्याबाहेर राहत होती. माशाची त्वचा उघड्यावर वाळते, तिच्यावरचा बुळबुळीत थर जातो आणि मग तिथंच व्रण पडतो. तरंगणारे मासे पुष्कळदा हवेनं मरत नाहीत, या व्रणानं मरतात. त्यावर उपाय म्हणून टबाच्या पाऊण भागात, पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, मऊ नायलॉनची जाळी ताणून बसवली. लाडू वर यायचा तो जाळीला टेकून थांबायचा, सगळं अंग पाण्यात. याचा दुसरा फायदाही होता: त्याला सारखी हवा गिळता येईना. फाटलेल्या कप्प्याला तेवढी उसंत मिळाली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पुरेसा असेल तरच हे करावं, नाहीतर जाळीखाली मासा गुदमरेल. आमच्या टबात स्पंज फिल्टरचे बुडबुडे चोवीस तास चालू होते, आणि वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा पंप जवळ होता.

उजवीकडच्या चट्ट्याला डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पोव्हिडोन आयोडीन लावायचं. मासा ओल्या मऊ कापडात धरायचा, जखम पाण्याबाहेर, कल्ल्यांना थेंबही लागू द्यायचा नाही, काही सेकंदांत परत पाण्यात. हे काम घरातल्या सूनबाईंनी केलं. बाकी सगळ्यांचे हात थरथरायचे.

खाणं हातानं. बुडणारे दाणे आधी भिजवून मऊ केलेले, लांब चिमट्यात धरून पाण्याखालीच तोंडाशी. एका वेळी दोन-तीन दाणे, दिवसातून तीन-चारदा. उलटा मासा दाणा शोधू शकत नाही पण तोंडाशी आलेला ओढून घेतो, आणि ओढून घेतोय तोवर आशा आहे.

एका संध्याकाळी आजोबांनी विचारलं, “ताई, खरं सांगा. आपण याचा छळ तर करत नाही ना?” प्रश्न रास्त होता. खाणं सुटलं, कल्ले धाप लागल्यासारखे चालू लागले, किंवा जखम खोल जाऊ लागली, तर ओढायचं नाही, असं आम्ही डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. लवंगतेलाच्या जास्त मात्रेनं माशाला शांतपणे झोपवता येतं. मी तसं त्यांना सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

बुडाला, म्हणजे काय झालं

पुढे एक सकाळ अशी आली की फोनवर नात रडत होती. लाडू टबाच्या तळाशी पडला होता. सरळ होता, पोट खाली, पाठ वर, पण दगडासारखा बसलेला. जाळीला टेकून असायचा तो आता वरच येईना. घरात सगळ्यांनी धरून चाललं की आता संपलं. खाली बसलेला मासा म्हणजे मरणारा मासा, हा समज फार पक्का आहे, आणि बऱ्याच वेळा तो खराही ठरतो.

या माशाच्या बाबतीत मात्र हीच बातमी आम्ही ऐकायला थांबलो होतो. पोटातली मोकळी हवा शोषली गेली होती. मागचा कप्पा अजून रिकामा होता, किंवा जुळून आलेला पण न भरलेला. म्हणजे आता ७-८ मिलिलिटरच्या जागी त्याच्याकडे केवळ पुढच्या कप्प्यातली हवा उरली होती. जड मासा तळाला जाणारच. तो सरळ बसला होता, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. मी जाऊन पाहिलं तर कल्ले शांत, डोळे हलते, चिमटा पाण्यात गेला की नजर वळलेली.

इथून पुढचं सगळं आधीच्या उलट करायचं होतं, आणि या प्रकरणात मला सांगायचं आहे ते हेच. त्याच माशाला, त्याच जखमेसाठी, त्याच टबात. आधी हवा गिळू द्यायची नव्हती, आता गिळू द्यायची होती. जाळी काढली. पाणी कमी करून जेमतेम पाच इंच ठेवलं, म्हणजे शेपटीच्या एका फटक्यात त्याचं तोंड वर पोचेल. नळीवाला मासा मुख्यतः वरच्या हवेनं वाताशय भरतो. दीड फूट खोल टाकीत तळाशी पडलेल्या लाडूला ती हवा मिळवायला जितकी ताकद लागली असती तितकी त्याच्यात नव्हती. लोक नेमकं अशा वेळी “मोकळं पोहू दे बिचाऱ्याला” म्हणून मासा मोठ्या टाकीत सोडतात.

पाणी कमी केल्यानं दुसरी जबाबदारी आली. कमी पाण्यात अमोनिया लवकर चढतो, म्हणून रोज एकतृतीयांश पाणी बदलणं, विष्ठा नळीनं ओढून घेणं, तळ गुळगुळीत ठेवणं. तळाशी बसणाऱ्या माशाच्या पोटाला खडी घासली की नवी जखम होते. टब रिकामा ठेवल्याचा फायदा आता दिसला.

सुरुवातीला तो दिवसातून मोजक्या वेळा उसळी मारायचा. वर तोंड लावायचा, एक घोट घ्यायचा, खाली येताना कल्ल्यांतून दोन बुडबुडे सोडायचा आणि परत बसायचा. हळूहळू बसण्याची जागा बदलायला लागली, मग तळ आणि पोट यांच्यात बारीक फट दिसायला लागली. नात पट्टी घेऊन बसायची. मध्ये एकदा जास्त गिळलं असावं, कारण अर्धा दिवस पुन्हा शेपटी वर करून लटकला होता. घरच्यांनी मला न विचारता काहीही टाकलं नाही, याचं मला खरं कौतुक वाटलं. रात्रीत तो आपसूक खाली आला. नळीतून हवा सोडता येते आहे आणि फाटीतून ती गळत नाहीये, हे मला त्या घटनेतून कळलं. दुसरा एक्स-रे काढायचा विचार होता, तो नंतर सोडून दिला. पिशवीत घालून रिक्षातून नेण्याचा ताण त्यातून मिळणाऱ्या माहितीपेक्षा मोठा होता.

जखमा तोवर भरत आल्या होत्या. माशाच्या त्वचेचा वरचा थर आश्चर्य वाटेल इतक्या लवकर जखमेवर सरकून ती झाकतो. खवले यायला वेळ लागतो, आणि नवे आलेले थोडे वेडेवाकडे, फिकट असतात. बुरशीचा कापूस एकदाही आला नाही. त्याचं श्रेय मी औषधांपेक्षा रोजच्या पाणीबदलाला देईन.

मोठ्या टाकीत

संक्रांतीच्या सुमारास लाडू परत गेला. मधल्या काळात मोठ्या टाकीचा फिल्टर पुन्हा रापला होता, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर होते. मीठ एकदम बंद केलं नाही. टबातलं पाणी बदलताना नवं मीठ घालणं थांबवलं, म्हणजे ते आपोआप उतरत गेलं. टाकीतलं पाणी आधी निम्मं ठेवलं आणि आठवड्याला थोडं थोडं चढवलं. फिल्टरची धार भिंतीकडे वळवली. पहिले काही दिवस मध्ये जाळीचा पडदा लावून त्याला इतर दोघांपासून वेगळं ठेवलं, मग पडदा काढला.

तो पूर्ण पूर्वीसारखा झाला का? नाही. पोट भरलं की शेपूट किंचित वर राहते, आणि रात्री विश्रांती घेताना तो डावीकडे थोडा कलतो. मागचा कप्पा बहुधा लहानच राहिलाय. असा मासा पुढे वर्षानुवर्षं बरा राहू शकतो, फक्त त्याला खोल पाणी आणि तरंगणारं खाद्य या दोन गोष्टी मानवत नाहीत. तीन फुटी टाकीत पाणी आता काठापासून सहा इंच खाली असतं. दाणे बुडणारे, भिजवलेले. आठवड्यातून एक दिवस उपास, तो आजोबांनी स्वतःच्या उपासाच्या दिवशी ठेवलाय.

किल्ला टाकीतून गेला आहे. नातीला आता त्या जागी काहीतरी हवं आहे, आणि आजोबांना काच साफ ठेवायला एक सकर मासा. सकरला मी नाही म्हटलं. तो मोठा झाला की फूटभर लांब होतो, आणि रात्री संथ गोल्डफिशच्या कुशीला चिकटून अंगावरचा थर खरवडतो. लाडूची ती कूस नुकती भरली आहे. काच साफ करायला मी त्यांना चुंबकाचा ब्रश आणून दिलाय.